रिपोर्ट फेकू नका : आतड्याची सूज आणि रक्ताचे आकडे



मागच्या पावसाळ्यात आमच्या बोदवडच्या वस्तीतल्या एक ताई रिपोर्टांची कॅरीबॅग घेऊन माझ्याकडे आल्या. वय ३४. निंदणी आणि कापूस वेचणीच्या मजुरीला जाणाऱ्या. आठ महिने त्यांना संडासातून रक्त आणि आव पडत होती. आधी मूळव्याध म्हणून मलम झाले, मग जंताच्या गोळ्या झाल्या, मग अमिबाच्या. शेवटी दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नाव कळले. औषध सुरू झाले आणि बरे वाटू लागले. दीड महिन्याने त्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिले. घरच्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. पहिल्यावर सीआरपी ४.२, दुसऱ्यावर १८. आजार चौपट वाढला, या गोळ्या लागू पडत नाहीत, असे सगळ्यांनी मिळून ठरवले आणि गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांत ताई दिवसातून दहा वेळा परसाकडे जाऊ लागल्या.

मी ते दोन्ही कागद पाहिले. आकडे खरे होते, पण मापे वेगळी होती. पहिल्या लॅबने एमजी/डीएल या मापात लिहिले होते, दुसऱ्या लॅबने एमजी/एल या मापात. एक डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. म्हणून पहिला ४.२ हा आकडा दुसऱ्या मापात ४२ होतो. ताईंचा सीआरपी ४२ वरून १८ वर उतरला होता. औषध काम करत होते आणि नेमके तेव्हाच ते बंद झाले.

या घरात दहावी-बारावी शिकलेली मुले आहेत. अडाणीपणाचा हा प्रश्न नाही. कागद हातात देणाऱ्या कोणीही तो कसा वाचायचा हे त्यांना सांगितले नव्हते. या वेळच्या आरोग्याच्या पानावर तेवढेच सांगायचे आहे. आतड्याच्या सुजेच्या आजारात रक्ताचे कोणते आकडे पाहतात, ते काय सांगतात, आणि कुठे फसवतात.

हा आजार कोणता?

आतड्याला वर्षानुवर्षे सूज राहणाऱ्या आजारांना डॉक्टर आयबीडी म्हणतात. त्यात मुख्य आजार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात. रक्त आणि आव पडते, मुरडा येतो, घाई लागते, रात्री झोपेतून उठावे लागते. दुसरा क्रोन्स. न्यूयॉर्कच्या डॉक्टर क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. तो पचनमार्गात कुठेही होऊ शकतो, पण बहुतेक वेळा लहान आतडे संपून मोठे आतडे सुरू होते त्या जागी होतो. त्यात पोटदुखी, बारीक ताप, वजन घटणे, कधी भगंदर अशी लक्षणे असतात.

आपले रक्षण करणारी शरीराची यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते, असा हा आजार आहे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवल्याने किंवा एकच संडास वापरल्याने तो होत नाही. म्हणून घरातल्या रुग्णाचे ताट-तांब्या वेगळा करू नका. वेगळ्या ताटाचे दुःख काय असते हे आपल्या घरांना नव्याने सांगायला नको.

हा परदेशातल्या लोकांचा आजार आहे असे पूर्वी समजत. पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी ५१,९१० लोक तपासले आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण एक लाखात ४४ च्या आसपास निघाले. पंजाबचा आकडा खान्देशाला जसाच्या तसा लागू होईल असे नाही. पण लाखभर लोकांच्या एखाद्या तालुक्यात मूळव्याध किंवा आव म्हणून उपचार घेणारी अशी काही माणसे असणार, एवढे त्यावरून नक्की समजते.

या आजाराचा स्वभाव लक्षात ठेवा. तो काही महिने शांत राहतो आणि पुन्हा उसळतो. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना तरुणपणापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. त्यामुळे त्यांनी २००७ मध्ये पद सोडले. नंतर औषधाने आजार आटोक्यात राहिला आणि ते पुन्हा अनेक वर्षे पंतप्रधान होते. २०२० च्या जून महिन्यात नेहमीच्या तपासणीत आजार परत येत असल्याची चिन्हे दिसली आणि ऑगस्टमध्ये त्यांना पुन्हा राजीनामा जाहीर करावा लागला. बरे वाटत असतानाही तपासणी का करायची, याचे उत्तर या उदाहरणात आहे. आतली सूज कधी कधी लक्षणांच्या आधी सुरू होते.

सीआरपी : लवकर चढतो, लवकर उतरतो

शरीरात कुठेही सूज किंवा जंतुसंसर्ग झाला की यकृत एक प्रथिन रक्तात सोडते. ते प्रथिन म्हणजे सीआरपी. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोन संशोधकांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले.

सूज सुरू झाल्यावर काही तासांत सीआरपी चढू लागतो आणि साधारण दोन दिवसांत वरच्या टोकाला जातो. सूज थांबली की रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे १९ तासांत निम्मे होते. म्हणून औषध लागू पडते आहे का, हे तो काही दिवसांत दाखवतो.

निरोगी माणसात तो बहुधा ५ एमजी/एलच्या खाली असतो. काही लॅब ६ किंवा १० ही मर्यादा छापतात. वाचताना तीन गोष्टी पाहा.

एक, माप. इंग्रजीत शेवटी नुसता एल आहे की डीएल, हे बोट ठेवून वाचा. डीएल असेल तर आकड्याला दहाने गुणा, मग तो एलच्या मापात येतो.

दोन, त्या दिवशी आणखी काही झाले होते का? सर्दी-ताप, दातात पू, पायाची जखम, डेंग्यू, लघवीचा संसर्ग, यातल्या कशानेही सीआरपी चढतो. तपासणीच्या आधी ताप आला असेल तर डॉक्टरांना सांगा.

तीन, सीआरपी नॉर्मल आला म्हणजे आतडे शांत आहे असे धरू नका. क्रोन्समध्ये तो जास्त चढतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, विशेषतः सूज फक्त गुदाशयापुरती असेल तर, रक्त पडत असतानाही तो नॉर्मल राहू शकतो. काही माणसांच्या शरीरात तो फारसा चढतच नाही. आजार जोरात होता तेव्हा तुमचा सीआरपी किती होता, हे माहीत असेल तरच आजचा आकडा वाचता येतो. तेव्हा चढला होता आणि आता उतरला, तर तो तुमच्यासाठी भरवशाचा साक्षीदार आहे. तेव्हाही नॉर्मलच होता, तर आज नॉर्मल आल्याचा आनंद मानू नका.

ईएसआर : माठातला गाळ

आपल्याकडे पाणी रोज येत नाही, म्हणून साठवून ठेवायची सवय सगळ्यांना आहे. गढूळ पाणी माठात ठेवले की गाळ हळूहळू खाली बसतो. तुरटी फिरवली की गाळाचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि लवकर बसतात. ईएसआर म्हणजे नेमके हेच. शरीरात सूज असली की रक्तातली काही प्रथिने वाढतात आणि तुरटीसारखे काम करतात. तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर खाली बसतात. एका तासात त्या किती मिलिमीटर खाली आल्या, तो आकडा म्हणजे ईएसआर. मी शिकत होते तेव्हा वॉर्डच्या कोपऱ्यात लाकडी स्टँडमध्ये काचेच्या उभ्या नळ्या लावून आम्ही तास मोजायचो. १९२१ मध्ये स्वीडनच्या वेस्टरग्रेन यांनी बसवून दिलेली ही पद्धत आजही चालते.

तपासणी स्वस्त आहे आणि बहुतेक लहान लॅबमध्येही होते. पण ती सावकाश चालते. आजार शांत झाला तरी ईएसआर उतरायला काही आठवडे लागतात. शिवाय आतड्याशी संबंध नसलेल्या कारणांनीही तो वाढतो. वयानुसार वाढतो. ढोबळ हिशोब असा : पुरुषाच्या वयाचे निम्मे, आणि बाईच्या वयात दहा मिळवून त्याचे निम्मे, इथपर्यंत चालतो. म्हणजे ६० वर्षांच्या आजींचा ईएसआर ३५ आला तर लगेच घाबरायचे कारण नाही. गरोदरपणात तो वाढतो. रक्त कमी असले तरी वाढतो, आणि आपल्या वस्तीत किती बायांचे रक्त कमी असते हे तुम्हाला माहीत आहे.

सिकलसेल असलेल्या घरांनी हे जरूर वाचावे

रक्त कमी असले की ईएसआर वाढतो. पण सिकलसेलच्या आजारात उलटे होते. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. वाकड्या पेशींची नाण्यांसारखी चळत लागत नाही, त्या एकमेकींना चिकटून खाली बसत नाहीत. त्यामुळे अंगात सूज असतानाही ईएसआर खोटा कमी येतो.

हे आपल्या पानावर सांगायचे कारण आहे. सिकलसेल खान्देशात भिल्ल आणि पावरा समाजात आहे, तसाच तो विदर्भात आपल्या बौद्ध समाजातही बऱ्याच प्रमाणात आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच तत्कालीन महार समाजातल्या सिकलसेलची नोंद छापली होती. बोदवडच्या पुढे मलकापूरपासून विदर्भ सुरू होतो. किती लेकीसुना तिकडून इकडे आणि इकडून तिकडे गेल्या आहेत ते मोजा. म्हणून घरात कोणाला सिकलसेलचा आजार असेल, म्हणजे कार्डावर एसएस लिहिले असेल, तर पोटाच्या डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत सांगा. अशा रुग्णाचा कमी ईएसआर पाहून आतडे शांत आहे असे म्हणता येत नाही. त्याचे हिमोग्लोबिन एरवीही कमीच असते, म्हणून तो आकडाही आतड्यातून गेलेल्या रक्ताचा पुरावा ठरत नाही. अशा वेळी पुढे सांगितलेली संडासाची तपासणी आणि दुर्बीण जास्त उपयोगी. एएस म्हणजे फक्त वाहक असलेल्यांना हा त्रास सहसा नसतो.

सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करून कार्ड देतात.

सीबीसी आणि बाकीचे आकडे

सीबीसी ही साधी तपासणी, पण एकाच कागदावर तीन साक्षीदार देते.

हिमोग्लोबिन : बाईचे १२ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली गेले की रक्त कमी. आतड्यातून रोज थोडे रक्त जात असेल तर ते महिन्यामहिन्याला उतरत जाते. पाळीचे रक्त जास्त जाते म्हणून असेल, असे म्हणून बाया ते सोडून देतात. पाळी नेहमीसारखी असताना आकडा उतरत असेल तर दुसरी वाट शोधायला हवी.

प्लेटलेट : साधारण दीड ते साडेचार लाख. डेंग्यूत त्या घटतात म्हणून आपण घाबरतो. आतड्याची सूज जोरात असली की त्या उलट वाढतात, पाच-सहा लाखांवरही जातात. या आजारात, विशेषतः तो उसळलेला असताना, रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, किंवा अचानक दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पांढऱ्या पेशी : सूज, संसर्ग आणि स्टेरॉइडच्या गोळ्या यांनी त्या वाढतात. अॅझाथायोप्रिन नावाची गोळी चालू असेल तर त्या धोकादायकरीत्या घटू शकतात. शरीरातल्या एका जनुकाच्या फरकामुळे आपल्याकडच्या काही लोकांना हा त्रास लवकर होतो. म्हणून ही गोळी सुरू केल्यावर सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी सीबीसी सांगतात. ती तपासणी औषध सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी असते. बरे वाटते म्हणून टाळू नका. ही गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखला किंवा केस झपाट्याने गळू लागले, तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन. ३.५ च्या खाली गेले की आजार जुना, जोरात किंवा खाणे फार कमी, असे समजतात. पायावर सूज येते ती बऱ्याचदा यामुळे.

फेरिटिन म्हणजे अंगातल्या लोहाचा साठा. यातही एक फसवणूक आहे. सूज असली की फेरिटिन आपोआप वाढते. सूज नसताना ३० च्या खाली म्हणजे लोह कमी. पण सीआरपी चढलेला असताना फेरिटिन १०० पर्यंत असले तरी लोह कमी असू शकते. म्हणून फेरिटिन नॉर्मल आहे, लोहाची गरज नाही, हे वाक्य ऐकले तर सीआरपी किती होता ते नम्रपणे विचारा. आजार उसळलेला असताना लोहाच्या गोळ्या पोटाला सोसत नाहीत, तेव्हा शिरेतून लोह देतात. घरच्या घरी टॉनिक सुरू करू नका.

रक्त जे सांगत नाही

धूर दिसला की आग आहे हे कळते. ती चुलीची की गंजीची, हे जाऊनच पाहावे लागते. सीआरपी आणि ईएसआर हा धूर आहे. आजाराचे नाव ते सांगत नाहीत.

याचा सर्वांत मोठा धोका टीबीचा. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दोन्ही बहुतेक वेळा आतड्याच्या एकाच जागी बसतात. दोन्हींत ताप, पोटदुखी, वजन घटणे सारखेच. सीआरपी आणि ईएसआर दोन्हींत चढतात. पण क्रोन्समध्ये देतात ते स्टेरॉइड टीबीत एकटेच दिले तर टीबी फोफावतो. म्हणून नुसता वाढलेला सीआरपी पाहून कोणी स्टेरॉइड लिहून दिले तर विचारा : दुर्बीण झाली का, तुकडा तपासला का, टीबी नाही हे पाहिले का? घरात पूर्वी कोणाला टीबी झाला असेल तर तेही सांगा.

साध्या जंतूंच्या हगवणीत आणि अमिबातही हे आकडे चढतात. म्हणून आधी संडासाची तपासणी करतात. ज्यांचा आजार आधीपासून माहीत आहे, त्यांनाही मध्येच दूषित पाण्याने हगवण होऊ शकते. प्रत्येक वेळी आजार उसळला असे धरून स्टेरॉइड वाढवायचे नसते.

रक्तापेक्षा आतड्याच्या जवळचा साक्षीदार म्हणजे संडासातले कॅलप्रोटेक्टिन. सुजलेल्या आतड्यात पांढऱ्या पेशी जमतात आणि त्यांच्यातले हे प्रथिन संडासात उतरते. साधारण ५० च्या खाली नॉर्मल मानतात, आणि २५० च्या वर गेले तर सूज चालू असल्याची शक्यता जास्त. सीआरपी नॉर्मल राहणाऱ्यांना ही तपासणी फार उपयोगी, पण ती महाग आहे आणि नमुना बहुधा मोठ्या शहरात पाठवतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्यांनी हा आकडा चढतो. इतकेच नव्हे, या गोळ्या-इंजेक्शनांनी आजारही उसळू शकतो. कंबर दुखते म्हणून गावात सुई घेण्याआधी आपला आजार सांगा आणि पॅरासिटामॉल चालेल का ते विचारा.

रक्ताचे सगळे आकडे चांगले आणि पोट वारंवार बिघडते, असेही काहींचे असते. त्याला आयबीएस म्हणतात. तो वेगळा त्रास आहे, त्यात आतड्याला जखमा नसतात. पण रक्त पडणे, रात्री झोपेतून उठून संडासला जावे लागणे किंवा वजन घटणे यातले काही असेल तर आयबीएस म्हणून गप्प बसू नका.

घड्याळ आणि थर्मामीटर : कधी थांबायचे नाही

ऑक्सफर्डचे डॉक्टर ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये कोलायटिसचा जोर ओळखायची एक रीत सांगितली. सत्तर वर्षे झाली तरी डॉक्टर ती वापरतात, आणि तिला महाग यंत्र लागत नाही. दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, आणि त्यासोबत खालीलपैकी एक जरी असेल, तर आजार गंभीर समजायचा.

– नाडी मिनिटाला ९० पेक्षा जास्त
– ताप १०० अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त
– हिमोग्लोबिन १०.५ पेक्षा कमी
– ईएसआर ३० पेक्षा जास्त (आता काही डॉक्टर त्याऐवजी सीआरपी ३० पेक्षा जास्त असे पाहतात)

पहिल्या दोन गोष्टी घरातली बारावीची पोरगीही मोजू शकते. असा रुग्ण घरी ठेवायचा नाही, त्याच दिवशी भरती करायचा. संडास थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःहून द्यायच्या नाहीत. त्याने आतडे फुगून जीवावर बेतू शकते.

भरती केल्यावर तिसरा दिवस महत्त्वाचा. शिरेतून स्टेरॉइड सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी रुग्ण अजून आठपेक्षा जास्त वेळा संडासला जात असेल, किंवा तीन ते आठ वेळा जात असून सीआरपी ४५ च्या वर असेल, तर त्यांच्यातल्या ८५ टक्के लोकांना आतडे काढण्याची शस्त्रक्रिया लागेल, असे ऑक्सफर्डच्याच डॉक्टरांनी १९९६ मध्ये मांडले. आज स्टेरॉइडनंतर देता येतील अशी आणखी औषधे आहेत, पण ती वेळेत सुरू व्हावी लागतात. थोडे बरे वाटले, मजुरी बुडते, म्हणून दुसऱ्याच दिवशी रुग्णाला घरी आणणे म्हणजे हा निर्णयाचा दिवस गमावणे. आपण हे किती वेळा करतो ते मी वॉर्डात पाहिले आहे. मजुरी बुडण्याची भीती खरी आहे. म्हणून अशा वेळी त्या घरी डबा पोचवणे आणि मुलांना सांभाळणे हे वस्तीने उचलायचे काम आहे.

एक वही करा

आजार शांत असताना साधारण तीन ते सहा महिन्यांनी, किंवा डॉक्टर सांगतील तसे, रक्त तपासतात. एका कागदाला फार अर्थ नसतो. पाच कागद तारखेप्रमाणे लावले की चढ-उतार दिसतो. शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक तपासणीला एक ओळ लिहा :

तारीख – लॅब – सीआरपी (मापासकट) – ईएसआर – हिमोग्लोबिन – प्लेटलेट – वजन – त्या आठवड्यात दिवसा किती वेळा संडास, रात्री किती वेळा, रक्त होते की नाही – चालू औषधे – ताप-सर्दी, पाळी किंवा गरोदरपण.

शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. चकचकीत कागदावरची अक्षरे वर्षभरात उडतात, म्हणून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. संडासाच्या वेळा लिहायला लाजू नका. शेतात आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर दाबून ठेवतात आणि डॉक्टरांना दोनच वेळा जाते असे सांगतात. मग खरा जोर कोणालाच कळत नाही.

तपासणी कुठे करायची? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सीबीसी, ईएसआर आणि सीआरपीपैकी काय तिथे होते आणि कशाचा नमुना महालॅबला जातो, ते विचारा. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याकडे आहेत, म्हणून तिथे रेशन कार्ड घेऊन जा आणि शुल्काची चौकशी करा. जोतीराव फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाहेरच्या प्रत्येक रक्त तपासणीचा खर्च त्यातून मिळेल असे समजू नका.

आणि कागद तुमचे आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याची कागदपत्रे द्यायची असतात. साध्या कागदावर अर्ज लिहा आणि पोच घ्या.

डॉक्टरांसमोर वही ठेवून तीन प्रश्न विचारा. मागच्या वेळेपेक्षा सूज कमी आहे की जास्त? हा बदल आतड्यामुळे आहे की दुसऱ्या कशामुळे असू शकतो? आता औषधात काय बदल करायचा, आणि पुढची तपासणी कधी? औषध बंद करायचे किंवा वाढवायचे ते त्यांच्याशी बोलूनच. स्टेरॉइड तर एकदम कधीही बंद करायचे नाही, आणि मागच्या वेळी लागू पडले म्हणून मेडिकलवरून परत आणायचेही नाही.

त्या ताई नंतर नऊ दिवस भरती होत्या. आता औषध चालू आहे, आणि या हंगामात त्या पुन्हा वेचणीला गेल्या. त्यांची वही त्यांची आठवीतली मुलगी लिहिते. मागच्या महिन्यात ती विहारात माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, या वेळी लॅबने डीएल लिहिलंय, मी दहाने गुणून लिहू ना?"

हो बाई, दहाने गुणूनच लिही.